बोलातला माणूस

प्राचीच्या पोटात कळ आली की तिला कसं धरायचं, ते आमच्या हेबामेनं शिकवलं होतं. हेबामे म्हणजे बाळंतपणानंतर घरी येऊन जाणारी सुईण. बाळाला हातावर पालथं घ्यायचं. डोकं आपल्या कोपराच्या खोबणीत, पोट आपल्या हातावर, मांडी पंजात धरलेली. आपण चालायला लागलो की बाळाचे पाय पुढे आणि तोंड मागे. ह्याला इथे फ्लीगरग्रिफ म्हणतात, वैमानिकाची पकड. बाळ विमानासारखं हातावर तरंगतं म्हणून असेल. नागपूरहून व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी हे पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरगी आहे का टॉवेल आहे ती?"

पण प्राची शांत व्हायची. निदान जिन्यात.

जर्मनीत, आखनला, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जुनी अरुंद इमारत, लाकडी जिना, लिफ्ट नाही. त्या जिन्याच्या करकरीनं ती का गप्प व्हायची कोण जाणे, पण व्हायची. माझा नवरा उज्ज्वल इन्स्टिट्यूटला गेला की मी तिला हातावर टाकून खाली-वर करत बसायचे. तळमजल्याला पोचले की पावलं हळू टाकायचे, कारण तिथे हेर लेन्सन राहतात. सासूबाईंना हे नाव पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारलं होतं, "हेर? कोणाचा?" हेर म्हणजे इथे श्रीयुत, असं मी समजावलं, पण त्यांचा संशय काही फारसा चुकीचा नव्हता. हेर लेन्सन ऐंशीच्या पुढचे, एकटे, आणि इमारतीतल्या कचऱ्यावर त्यांची बारीक नजर. एकदा दह्याचा रिकामा डबा हातात घेऊन ते वर आले होते. झाकण वेगळं करून टाकायचं असतं, फ्राऊ मेश्राम, एवढं सांगून डबा माझ्या हातात देऊन गेले.

तेव्हा त्या सकाळी त्यांचं दार उघडलं, तशी मी आधीच माफी मागायच्या तयारीत होते. प्राची पहाटेपासून रडत होती आणि जिनासुद्धा चालत नव्हता. मी केस विंचरलेले नव्हते. अंगात उज्ज्वलचा स्वेटर होता, त्याच्यावर दुधाचा डाग. हेर लेन्सन दारात उभे राहिले, माझ्या हातावरच्या पोरीकडे त्यांनी निरखून पाहिलं, आणि म्हणाले, "बोला."

आता हे कसं सांगू. दवाखान्यात आपला नंबर येतो, आपण स्टुलावर टेकतो, आणि डॉक्टर मान वर न करता म्हणतात ना, हं, बोला. अगदी तसं ऐकू आलं. मला घरात सगळे 'बोल' म्हणतात. उज्ज्वल बोल म्हणतो, आई बोल म्हणते, सासूबाई बोल गं म्हणतात आणि पुढे स्वतःच बोलतात. 'बोला' म्हणून, थांबून, मला कुणी विचारलं त्याला किती दिवस झाले होते देव जाणे.

आणि मी बोलले. मराठीत. टाके अजून ओढतात हे सांगितलं. दूध पुरतंय की नाही कळत नाही, ही दोन घोट पिते आणि झोपते आणि खाली ठेवली की उठते, हे सांगितलं. मी गिअरबॉक्सच्या चाचण्या घेणारी बाई आहे, माझ्या हाताखाली दोन माणसं होती आणि आता मला आंघोळीला जायचं तर परवानगी लागते, ती पण साडेतीन किलोच्या माणसाची. कीटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, जागा नाही. उज्ज्वल वाईट नाही, मदत करतो, पण तो 'मदत' करतो. हे सगळं एका दमात. जिन्यात उभ्यानं. शेवटी शेवटी डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

हेर लेन्सन दाराची कडी धरून सगळं ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, अजून काही आहे का म्हणून. मग जर्मनमध्ये म्हणाले, "मला एक अक्षर कळलं नाही. आत या, कॉफी करतो."

कॉफी पिताना चूक उलगडली. बोला हे त्यांच्याकडे एका वस्तूचं नाव होतं. बोडनलाफेटं असा काहीतरी लांबलचक शब्द, त्याचं आखूड केलेलं रूप. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली एक होडीसारखी पेटी लटकवलेली असायची. तिच्यात एक माणूस पालथा पडून, पाय पुढे, तोंड मागे, काचेतून बंदूक बाहेर काढलेली. खालून, मागून एखादं विमान आलं तर त्यानं गोळ्या झाडायच्या. प्राची माझ्या हातावर अगदी तशीच पडली होती, म्हणून त्यांच्या तोंडून निघून गेलं. बाळाच्या बाबतीत असं बोलायला नको होतं, असंही ते म्हणाले, कारण त्या पेटीला विमानातली माणसं मरणाची खाट म्हणायची.

मी त्यांना आमच्या 'बोला'चा अर्थ सांगितला. मोठ्या माणसाला, किंवा मान देऊन कुणालाही, 'तुम्ही बोला, मी ऐकते' असं म्हणायचं असेल तर तो शब्द. त्यांनी तो दोनदा पुटपुटला. "जा," म्हणाले, म्हणजे हो, "हा जास्त चांगला आहे."

त्यांचे वडील त्या विमानात होते. हाइंकेल त्याचं नाव. पण वडील नुसते मेकॅनिक होते, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ज्या घाईनं सांगितलं त्यावरून कळलं की हे वाक्य त्यांनी आयुष्यभर लोकांच्या पुढ्यात आधी ठेवलेलं आहे, पाहुणा आत यायच्या आधी चपला सरकवून ठेवाव्यात तसं. वडील इंजिनांच्या काट्यांकडे बघायचे. त्यांनी गोळी झाडली नाही, त्यांना काही दिसलं नाही. युद्धानंतर इथल्याच एका सुयांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत राहिले, आणि युद्धाविषयी विचारलं तर फक्त एका माणसाबद्दल बोलायचे. बोलातल्या माणसाबद्दल. बिचारं कुत्रं, म्हणायचे ते त्याला. त्याचा श्वास मफलरवर गोठायचा. बॉम्ब पडले की पायलट पुढे बघत असायचा, बाकीचे आभाळात बघत असायचे, पण खाली काय पेटलं ते ह्या एकट्याला बघत राहावं लागायचं, दिसेनासं होईपर्यंत. जमिनीवर उतरल्यावर सगळे बाहेर पडले तरी हा पालथाच पडून राहायचा. लहानपणी हेर लेन्सन विचारायचे, मग त्याला कोण उठवायचं? वडील म्हणायचे, आपला आपण उठायचा.

त्यानंतर मी आणि प्राची त्यांच्याकडे जायला लागलो. खरं सांगायचं तर मी कॉफीसाठी जायचे, आणि ते प्राचीला मांडीवर घ्यायचे तेव्हा दोन्ही हात मोकळे मिळायचे म्हणून. ते बोलायचे, मी अर्धवट ऐकायचे. विमानाबद्दल ऐकायला मला कुतूहल होतं असं नाही, पण माझ्यासमोर कुणीतरी डायपर सोडून दुसरं काहीतरी बोलत होतं.

नोव्हेंबरात इथे युद्धातल्या मृतांच्या आठवणीचा एक रविवार असतो. त्या आठवड्यात जवळच्या शाळेत नववीच्या मुलांपुढे कुणीतरी जुनं माणूस येऊन बोलतं. युद्ध पाहिलेलं आता फारसं कुणी उरलं नाही, म्हणून तिथल्या शिक्षिकेनं त्या पिढीच्या मुलांना बोलवायला सुरुवात केली होती, आणि ह्या वर्षी हेर लेन्सनना बोलावलं होतं. ते आयुष्यात कधी चार लोकांसमोर बोलले नव्हते. काय सांगणार, असं मी विचारलं तर म्हणाले, वडिलांबद्दल. त्या विमानातही एक माणूस असा होता की ज्याला दुसऱ्याची कीव येत होती, आणि ती त्यानं मरेपर्यंत सोडली नाही. मुलांना एवढं कळलं तरी पुष्कळ. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मला एकदम वाटलं, ह्यांच्याजवळ वडिलांचं दुसरं काही नाही. एवढंच आहे.

मग त्यांनी माझ्यावर सराव सुरू केला. एका दुपारी मुलांना विमान कसं समजावायचं ते दाखवायला त्यांनी टेबलावर एक अख्खा ब्रोट, इथला पाव, ठेवला. काळा, लांबट, तो विमानाचा सांगाडा. पुढच्या टोकाला मिठाची बाटली, तो पायलट. त्याच्या शेजारी काचेच्या नाकात मिरपूड, तो बेओबाख्टर, नकाशा बघणारा आणि बॉम्ब सोडणारा, आणि वेळ आली तर नाकातली बंदूकही त्याचीच. ब्रोटच्या पाठीवर उकडलेल्या अंड्याचा कप, तो रेडिओवाला, त्यानं संदेश ऐकायचे आणि वरून कुणी आलं तर वरची बंदूक चालवायची. बाजूच्या खिडक्यांना अजून एक बंदूकवाला, त्याच्यासाठी साखरेचा खडा. आणि ब्रोटच्या खाली, टेबलाच्या आणि पावाच्या मध्ये, त्यांनी प्राचीची चोखणी सरकवली. बोला.

पायलट सोडला तर बहुतेकांना दोन दोन कामं, ते म्हणाले. मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच आहे, पायलटला एकच काम. त्यांना विनोद कळायला वेळ लागला. उज्ज्वलला लगेच कळला असता आणि आवडला नसता.

त्यांच्या हातात एक चमचा उरला होता. तो मेकॅनिक. तो त्यांनी ब्रोटच्या मध्यावर ठेवला, तो घसरला. पुन्हा ठेवला.

मी काही मनात धरून विचारलं नाही. मी इंजिनिअर आहे, एखादा भाग कुठे बसत नसेल तर तोंडातून प्रश्न निघतोच. "मेकॅनिक कुठे बसायचा?"

"मध्ये," ते म्हणाले. "मध्ये कुठेतरी."

घरी आल्यावर प्राचीला पाजताना मी मोकळ्या हातानं फोनवर त्या विमानाचं उभं कापलेलं चित्र शोधलं. विमानं मला कळत नाहीत, पण कापलेली चित्रं कळतात. माणसं काळ्या बाहुल्यांसारखी आत काढलेली होती आणि प्रत्येकाच्या बाजूला त्याचं नाव. मी त्या चित्रात मेकॅनिकची खुर्ची शोधत होते. खुर्ची नव्हती. पोटातल्या पेटीत पालथ्या पडलेल्या बाहुलीशेजारी दोन शब्द लिहिले होते, मेकॅनिक आणि खालचा बंदूकवाला. दोन कामं, एक माणूस. अजून दोन-तीन ठिकाणी पाहिलं. तेच.

चमच्याला आणि चोखणीला वेगवेगळी जागा नव्हतीच. बिचारं कुत्रं दुसरं कुणी नव्हतं, वडीलच होते.

दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी प्राचीला लस होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला ताप. मग हेर लेन्सनच वर आले, जिन्यावर थांबत थांबत, आणि म्हणाले की मेकॅनिकची जागा आपण प्रत्यक्ष बघून येऊ या, कारण तुम्ही विचारलंत तसं मुलंही विचारतील. आगगाडीनं जाण्यासारखं एक संग्रहालय होतं, तिथे त्या विमानाचा पुढचा अर्धा भाग ठेवलेला होता. त्यांना एकट्याला गाडी बदलायला भीती वाटायची. येता का?

मी हो म्हटलं. जाताना बाहेरची हवा मिळेल, एवढंच त्या वेळी डोक्यात आलं.

गाडी बदलायच्या स्टेशनवर लिफ्ट बंद होती. बाबागाडीचं पुढचं टोक त्यांनी काठीसकट उचललं, मागचं मी. प्रत्येक पायरीवर ते आल्झो, म्हणजे 'हं, तर', म्हणायचे आणि थांबायचे. वर पोचल्यावर दोघंही कठड्याला टेकून उभे राहिलो. त्यांच्याकडे गुडघे नव्हते आणि माझ्याकडे झोप नव्हती. दोघांचं मिळून एक धड माणूस झालं असतं. त्या पायऱ्यांवर मी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण ते म्हणाले, आता मला पहिल्यांदा कळेल की बाबा कुठे बसायचे, आणि मी बाबागाडीचा ब्रेक तपासायला वाकले.

संग्रहालय म्हणजे जुना ट्रामचा डेपो. आत थंडी. लोकरीची टोपी घातलेला एक स्वयंसेवक आमच्याबरोबर फिरला, हौशी माणूस, ज्याला पाहुणे कमी मिळतात असा. त्यानं लांब काठीनं एकेक जागा दाखवली. नाकातली, पाठीवरची, बाजूच्या खिडक्यांची, पोटाखालची. प्रत्येक ठिकाणी एकेक कापडी बाहुला. हेर लेन्सननी सगळं ऐकून घेतलं आणि मग टोपी काढून विचारलं, जणू चर्चमध्ये, की मेकॅनिकची जागा कुठली.

"खाली," स्वयंसेवक म्हणाला.

"खाली बोलातला माणूस आहे."

"गेनाऊ, बरोबर. तोच." त्याला प्रश्न आवडला होता. वर असला की इंजिनांचे काटे बघायचा, त्यानं समजावलं, आणि शत्रूच्या हद्दीत शिरलं की खाली उतरून पालथा व्हायचा. बहुतेक विमानांत असंच. वेगळा माणूस आणायचा कुठून आणि ठेवायचा कुठे?

स्वयंसेवक मुलांसाठी केलेल्या एका लाकडी नमुन्याकडे वळला होता. पोटाखालच्या त्या पेटीची प्रतिकृती, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आत गादी, टोकाला काच, आणि काचेखाली जमिनीवर अंथरलेला वरून घेतलेला एका गावाचा फोटो. मुलं आत जाऊन झोपतात, तो सांगत होता, त्यांना फार आवडतं. त्याचं सांगून व्हायच्या आत हेर लेन्सननी काठी माझ्या हातात दिली, कडेला हात टेकून एक गुडघा वर ठेवला, मग दुसरा, आणि हळूहळू आत पालथे झाले. आम्हाला फक्त त्यांचे बूट दिसत होते. पॉलिश केलेले, एका टाचेचं रबर झिजलेलं.

वेळ गेला. स्वयंसेवकानं घसा साफ केला. प्राची कुरकुरायला लागली, मी तिला हातावर पालथी घेतली. बूट हलत नव्हते. मी हाक मारली, उत्तर नाही. म्हातारा माणूस, थंड हॉल. माझ्या तोंडातलं सगळं जर्मन पळून गेलं.

"बोला ना," मी म्हटलं. "हेर लेन्सन, काहीतरी बोला."

आतून आवाज आला. "जा. बोला." आणि मग, लाकडातून घुमत: "इथून सगळं दिसतं."

त्यांना बाहेर यायला जमेना. गुडघे अडकले होते. मी प्राचीला त्या टोपीवाल्याच्या हातात दिलं, त्यानं तिला पेटीसारखं धरलं, आणि मी हेर लेन्सनच्या पोटाखाली हात घालून त्यांना मागे ओढलं. हलके होते. त्यांचा कोट वर सरकला होता, तो मी खाली ओढून नीट केला.

परतीच्या गाडीत आम्हाला उलट्या तोंडाच्या जागा मिळाल्या. मागे पडणारी शेतं, पवनचक्क्या, ओल्या विटांची घरं. ते खिडकीकडे बघत बोलले. लहानपणी एकदा ते रेल्वेच्या पुलावर पालथे पडून कठड्याच्या फटीतून खाली बघत होते. आगगाडी येते ती वरून कशी दिसते, म्हणून. वडिलांनी मागून येऊन दोन्ही पाय धरून असं खेचलं की हनुवटी सोलवटली. नंतर वडिलांनीच ती पुसली, आणि घरी येईपर्यंत मुलाचा हात सोडला नाही. "मला वाटायचं, मी पडेन म्हणून घाबरले."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"सांगितलं नाहीत."

"मी दमले होते," मी म्हटलं. "आणि वडील तुमचे होते."

त्यांनी मान डोलावली. पहिलं कारण त्यांना पुरलं असावं. थोड्या वेळानं म्हणाले की शाळेला नाही म्हणून कळवून टाकतो. आता सांगायला काही उरलं नाही. कीव करणारा माणूस नव्हताच तिथे. बंदूकवाला होता. तो स्वतःचीच कीव करत होता, जन्मभर, माझ्यासमोर.

मला काही समजावायचं बळ नव्हतं. प्राची झोपली होती आणि तिच्या वजनानं हात सुन्न झाला होता. पण माझी आजी आठवली, आणि ती मी त्यांना सांगितली. आजी गोष्ट सांगायची. गावात एक पोरगी होती, तिला विहिरीवर पाणी शेंदू देत नसत, ती लांब उभी राहायची आणि कुणी वरून ओतलं तर ओंजळ धरायची. एकदा तहान सहन होईना म्हणून तिनं बादलीला हात लावला तर तिला मारलं. आम्ही पोरं विचारायचो, मग त्या पोरीचं काय झालं? आजी म्हणायची, काय व्हायचं, मोठी झाली. आजी गेली त्या वर्षी आत्यानं अंथरुणावरच्या आजीच्या पाठीवरचा जुना व्रण आम्हाला दाखवला. तेव्हा कुठे कळलं.

"दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत," मी म्हटलं. "आजीनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं."

"नाही," हेर लेन्सन म्हणाले. "सारख्या नाहीत." आणि पुढे, "तुम्ही मुलीला ती कशी सांगाल? एक पोरगी होती म्हणून?"

मी म्हटलं, नाही. माझी आजी म्हणून.

आखनला उतरलो, बसनं घरी आलो, आणि जिन्याच्या तळाशी त्यांनी मला टोपी उंचावून निरोप दिला. शाळेचं काय, हे मी विचारलं नाही. पुढचे दिवस प्राचीच्या सर्दीत गेले.

मग एका सकाळी बेल वाजली. ते दारात उभे, तोच कोट, नवीन टाच. येता का, एवढंच म्हणाले. मी पोरीला गुंडाळली आणि निघाले, केस तसेच.

वर्गात मुलं बाकांवर रेललेली होती. त्यांचे मोबाईल शिक्षिकेनं एका खोक्यात गोळा करून ठेवले होते, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. मी मागे, दाराजवळ बसले. शिक्षिकेनं ओळख करून दिली. हेर लेन्सन टेबलामागे उभे राहिले. ह्या वेळी ब्रोट नव्हता, काही नव्हतं.

"माझे वडील," ते म्हणाले, "नुसते..."

आणि थांबले. ते वाक्य त्यांच्या जिभेला सवयीचं होतं, अर्धं आपोआप बाहेर आलं आणि आता उरलेलं अर्धं कुठे ठेवावं ते त्यांना समजत नव्हतं. चमचा हातात धरून बसले होते तसे दिसत होते. एका मुलानं शेजाऱ्याकडे पाहिलं. शिक्षिका काहीतरी बोलून सावरायला पुढे सरकली. नेमकी तेव्हा प्राची उठली आणि पूर्ण ताकदीनं रडायला लागली.

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी तिला हातावर पालथी घेतली, पिशवी खांद्याला अडकवली आणि दाराकडे निघाले. दार उघडताना मागे पाहिलं. हेर लेन्सन माझ्याचकडे बघत होते.

"बोला," मी म्हटलं.

आणि बाहेर पडून दार लावून घेतलं.

व्हरांड्यात मुलांची जाकिटं खुंट्यांवर टांगलेली होती, ओल्या लोकरीचा वास. मी त्या जाकिटांच्या कडेनं चालत राहिले, जिन्यात चालते तशी, पुढे आणि मागे. प्राचीचं रडणं उतरत गेलं. मग दारापलीकडचा आवाज ऐकू आला. शब्द कळत नव्हते, दार जाड होतं. फक्त एवढं कळत होतं की माणूस बोलतोय, थांबतोय, आणि पुन्हा बोलतोय.

दाराला छोटी काच होती. मी तिच्यातून पाहिलं. हेर लेन्सन टेबलावर वाकले होते. छाती टेबलाला टेकवलेली, दोन्ही हात पुढे लांब केलेले, मुठी कशाला तरी धरल्यासारख्या. मागच्या बाकावरची मुलं बघायला उभी राहिली होती. शिक्षिकेनं तोंडावर हात ठेवला होता. ते तसेच पडून बोलत होते, मान थोडी वर करून, खाली जमिनीकडे बघत.

बोलून झालं तरी ते तसेच पडून राहिले. मी दाराच्या कडीला हात घातला. पण त्याच्या आधी पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली, टेबलाला वळसा घालून गेली, आणि तिनं त्यांच्या दंडाला धरलं.

प्राची झोपली होती. माझा हात भरून आला होता, पण मी तिला हलवलं नाही.